समुद्राशी ओळख

घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या मुलाला समुद्राचे पहिले दर्शन घडते, तेव्हा त्याचे पाय आपोआप पाण्याकडे धाव घेतात. विहीर, ओढा, नदी, तळे यांचा त्याला परिचय असतो. परंतु ज्याचा पलीकडचा काठ दृष्टीसच पडत नाही, असे पाणी त्याने पूर्वी कधी पाहिलेले नसते. लाटांची गाज, ओल्या वाळूचा गारवा, तळपायाखालून सरकत जाणारी रेती, या साऱ्यांचे आकर्षण विलक्षण असते आणि ते तसे असावेच. महाराष्ट्राला उत्तरेस डहाणूपासून दक्षिणेस रेडीपर्यंत ७०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभला आहे. एवढे वैभव दाराशी असताना त्याच्याकडे पाठ फिरवणे हा करंटेपणा ठरेल.

दरवर्षी शेकडो शाळांच्या सहली या किनाऱ्यावर येतात. त्यांतील बहुतेक मुले शंखशिंपल्यांनी खिसे भरून हसतखेळत घरी परततात. परंतु काही घरांत सहलीला गेलेले मूल परत येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीसाठी आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. तो महिना पावसाळ्याचा नव्हता आणि वेळही रात्रीची नव्हती. भर दिवसा आणि सोबत इतकी माणसे असताना हा अनर्थ घडला.

अशी घटना घडली म्हणजे दोन प्रकारची मते ऐकू येतात. काहीजण म्हणतात, "मुलांना समुद्रावर नेऊच नये." दुसरे म्हणतात, "जे नशिबात होते ते घडले. त्याला कोण काय करणार?" ही दोन्ही मते चुकीची आहेत. पहिल्या मताने मुले भित्री होतात. आणि आज ज्याला समुद्रापासून दूर ठेवले, तो उद्या मोठा होऊन एकटा समुद्रावर गेला, की त्याचे अज्ञान तसेच कायम असते. दुसऱ्या मताने माणूस आपली जबाबदारी दैवावर ढकलून मोकळा होतो. वास्तविक समुद्र लहरी नाही. त्याचे येणे-जाणे, त्याचे प्रवाह, त्याचे ऋतू हे सर्व नियमांनी बांधलेले आहे. जो हे नियम जाणतो, त्याला समुद्राचे नाहक भय वाटत नाही आणि तो समुद्राशी आगळीकही करत नाही. म्हणून मुलांना समुद्रापासून दूर ठेवण्यापेक्षा त्यांची समुद्राशी ओळख करून देणे हाच खरा उपाय होय.

या ओळखीचा पहिला पाठ भरती-ओहोटीचा. चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी चढते आणि उतरते. आपल्या किनाऱ्यावर सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते. म्हणून आज भरती ज्या वेळी आली, तिच्यापेक्षा उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एकाच रेषेत येते, तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो. त्यास भांग म्हणतात. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार ते पाच मीटरांचा फरक पडतो. दक्षिणेकडे गोव्याच्या किनाऱ्यावर हाच फरक सुमारे दोन मीटरांवर येतो. म्हणजे एका गावच्या किनाऱ्याचा अनुभव दुसऱ्या गावी जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब किनाऱ्यावरील लोकांत पूर्वापार चालत आला आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जी संख्या येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; म्हणून त्या दिवशी सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पाणी चढलेले असते. घरातल्या दिनदर्शिकेवर तिथी छापलेली असते, आणि पाऊणपट करणे काही कठीण नाही. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर हा हिशेब चांगला जुळतो. तथापि तो स्थूल आहे. म्हणून तेथील कोळी बांधवांना विचारून किंवा छापील वेळापत्रक पाहून त्याची खात्री करून घ्यावी.

भरतीसंबंधी आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोक त्याचा असा हिशेब मांडतात: एकूण चढावाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा, एके दिवशी पाणी चार मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ते जेमतेम पाऊण हात वर येते. पाहणाऱ्याला वाटते, "भरती अशीच सावकाश येणार, अजून पुष्कळ अवकाश आहे." परंतु तिसऱ्या एकाच तासात ते एक मीटर चढते, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाच्या कमरेच्याही वर जाते. सावकाश येणारे पाणी अचानक वेग घेते, ते असे.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवला पाहिजे. ओहोटीच्या वेळी किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. भरतीच्या वेळी मात्र किल्ल्याच्या चारी बाजूंना समुद्र असतो. तटबंदी पाहण्यात आणि बुरुजावर बसून गप्पा मारण्यात ज्यांना वेळेचे भान राहत नाही, त्यांची परतीची वाट पाण्याखाली जाते. अशा वेळी "थोडेच तर पाणी आहे" असे म्हणून त्यात उतरणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे होय. होडीची सोय होईपर्यंत किंवा पाणी ओसरेपर्यंत किल्ल्यातच थांबणे, यात शहाणपणा आहे. जी गोष्ट माणसांची, तीच वाहनांची. ओल्या वाळूवर मोटार हाकण्याच्या हौसेपायी चाके रुततात, आणि ती बाहेर काढण्याची खटपट चालू असतानाच भरतीचे पाणी दाराशी येऊन ठेपते.

ओळखीचा दुसरा पाठ प्रवाहांचा. लाटा एकसारख्या किनाऱ्याकडे पाणी लोटत असतात. ते पाणी परत जाते कोठे? पुष्कळदा ते वाळूच्या दोन उंचवट्यांमधील एखाद्या अरुंद चराने वेगाने समुद्राकडे परत जाते. या परतीच्या प्रवाहासारखा फसवा प्रकार दुसरा नाही. जेथे लाटा फुटत असतात, तेथे फेस दिसतो, आवाज होतो आणि नवखा मनुष्य तेथून दूर राहतो. जेथे परतीचा प्रवाह असतो, तेथे मात्र लाटा कमी फुटतात आणि पाणी शांत भासते. नवख्याला तीच जागा स्नानास योग्य वाटते! दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा आणि मध्येच गडद किंवा गढूळ रंगाचा संथ पट्टा. त्यावरून फेस आणि काडीकचरा समुद्राच्या दिशेने वाहत चाललेला. अशी खूण दिसली की तेथे पाण्यात मुळीच उतरू नये. खाडीच्या मुखापाशीही हाच नियम पाळावा. कारण ओहोटीच्या वेळी खाडीतले सारे पाणी त्या अरुंद मुखातून समुद्राकडे धाव घेत असते.

यावर कोणी म्हणेल, "ज्याला पोहता येत नाही, त्याने भ्यावे, उत्तम पोहणाऱ्याला कसली भीती?" हा समज फार घातक आहे. विहिरीत किंवा तलावात पोहण्याची सवय असलेल्या माणसाला वाहत्या आणि उसळत्या पाण्याचा अनुभव नसतो. परतीच्या प्रवाहात सापडला की तो सरळ किनाऱ्याकडे येण्याची शिकस्त करतो. वेगवान प्रवाहापुढे नामांकित जलतरणपटूचेही बळ पुरे पडत नाही. मनुष्य प्रवाहामुळे जितका बुडतो, त्याहून अधिक त्या झुंजीतील थकव्यामुळे बुडतो.

मग अशा वेळी काय करावे? प्रथम धीर सोडू नये. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही. तो त्याला केवळ दूर नेतो, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे गेल्यावर बहुधा त्याचा जोर ओसरतो. म्हणून त्याच्याशी झुंजू नये. पाठीवर उताणे होऊन तरंगत राहावे. एक किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; त्यामुळे ते गोड्या पाण्याहून जड असते आणि त्यात शरीर अधिक सहज तरंगते. एक हात उंच करून मदत मागावी. अंगात शक्ती असेल, तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे आणि मग लाटांच्या साह्याने तिरपे किनाऱ्याकडे यावे.

दुसरा कोणी बुडत असेल, तर त्याला वाचवण्याची इच्छा कोणत्याही सहृदय मुलाच्या मनात उत्पन्न होईल. परंतु तेथेच बुद्धी स्थिर ठेवावी लागते. बुडणारा मनुष्य पुष्कळदा ओरडत नाही. श्वास घेण्यातच त्याची सारी शक्ती खर्च होत असते. जो हात हलवीत नाही, उत्तर देत नाही, ज्याचे तोंड पाण्याच्या पातळीशी वरखाली होत आहे, तो संकटात आहे असे समजावे. अशा माणसामागे मुलाने पाण्यात उडी घेऊ नये, की हात धरून साखळीही करू नये. एक लाट आली की साखळी तुटते आणि एकाऐवजी चौघे बुडतात. जीवरक्षकाला किंवा जवळच्या कोळ्याला हाक मारावी. ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करवावा. आणि काठावरूनच दोर, रिकामा डबा, हवा भरलेला चेंडू, जे तरंगेल ते बुडणाऱ्याकडे फेकावे. डोके ठिकाणावर ठेवून मदत आणणारा मुलगा हा आंधळेपणाने उडी घेणाऱ्याहून कमी शूर नव्हे.

तिसरा पाठ ऋतूंचा. जून आणि जुलै या महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ, आणि दर्याही याच काळात खवळलेला असतो. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून कोळी बांधव मासेमारीच्या नव्या हंगामाला आरंभ करतात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे, ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या लाटांवर गेल्या, ते पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि जाळी विणीत बसतात. तेव्हा कधी तरी सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या शहरवासीयाने त्याच दिवसांत लाटांत शिरण्याचा हट्ट धरावा, यास काय म्हणावे? कोळ्याचे थांबणे हे भित्रेपण नव्हे. ते ज्ञान आहे. आकाशात गडगडाट ऐकू आला की वाळूवरून निघून पक्क्या इमारतीत जाणे, हाही त्याच ज्ञानाचा भाग होय. मोकळ्या किनाऱ्यावर उभा असलेला मनुष्यच तेथील सर्वांत उंच वस्तू असतो, आणि वीज उंच वस्तूवर पडते.

चौथा पाठ तेथील रहिवाशांचा. कारण किनारा ही ओसाड जागा नव्हे. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर निळसर फुग्यांसारखे जीव मुंबईच्या किनाऱ्यावर वाहून येतात. त्यांना ब्ल्यू बॉटल म्हणतात. जो एक जीव दिसतो, ती वस्तुतः पुष्कळ सूक्ष्म जीवांची वसाहत असते. त्या फुग्याखाली लांबच लांब दंशतंतू असतात आणि जीव मेला तरी तंतूंतील विष मरत नाही. म्हणून वाळूवर पडलेला सुंदर निळा फुगा हाती घेऊ नये. दंश झालाच तर ती जागा चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तात्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसणारा पाकट मासा मनुष्याच्या मागे लागत नाही. परंतु त्याच्यावर पाय पडला तर तो शेपटीवरील काट्याने प्रहार करतो. त्यासाठी पाण्यात पावले उचलून न टाकता वाळूत घाशीत चालावे, म्हणजे चाहूल लागून तो दूर निघून जातो. किनाऱ्याचे रहिवासी माणसाचे शत्रू नाहीत. त्यांना वाट द्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

माणसापासून या रहिवाशांना मात्र पुष्कळ भय असते. रिकामा शंख हा माणसाला खेळणे वाटतो. पण पाठीवर शंख वाहणाऱ्या खेकड्याचे ते घर असते, आणि अंग वाढले की त्याला दुसरा मोठा रिकामा शंख शोधावा लागतो. सारेच शंख पिशव्यांतून शहरात गेले, तर त्याने कोठे जावे? रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, आणि तो बुजवून समुद्रात परत जातात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात आणि समुद्रावरील उजेडाच्या दिशेने चालू लागतात. किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट असला, तर ती वाट चुकून जमिनीकडे वळतात. पूर्वी या गावी अंडी चोरीस जात असत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने घरट्यांचे रक्षण सुरू केले; २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. जे गाव कासवाच्या अंड्यांमुळे चोरांना माहीत होते, ते कासवांच्या रक्षणामुळे जगाला माहीत झाले.

किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर वाळूत पसरणारा एक वेल असतो. त्याची पाने मध्ये दुभंगलेली आणि फुले जांभळट गुलाबी असतात. मराठीत त्याला मर्यादवेल म्हणतात. त्याची मुळे व फांद्या वाऱ्याने उडणारी वाळू धरून ठेवतात. समुद्राची नित्याची मर्यादा जेथे संपते, तेथे हा वेल सुरू होतो, म्हणून त्याला हे नाव शोभते. समुद्राने आपली मर्यादा सांभाळावी, असे माणूस म्हणतो. परंतु माणसानेही आपली मर्यादा ओळखली पाहिजे, हे तो विसरतो.

ही ओळख मुलांना करून देणार कोण? "सावधान" असे लिहिलेला फलक किनाऱ्यावर उभारला की आपले कर्तव्य संपले, असे पुष्कळांना वाटते. फलक हवाच; परंतु ज्याला कारण कळले नाही, तो फलक वाचूनही पाण्यात उतरतो. म्हणून सहलीची गाडी सुटण्यापूर्वी, शाळेतच, भरतीची वेळ फळ्यावर मांडली गेली पाहिजे. ती शिक्षकांनी सांगण्यापेक्षा मुलांनीच पाऊणपट करून काढावी. कोणत्या वेळी पाण्याजवळ जायचे, कोणत्या वेळी परत फिरायचे, कोणाची जोडी कोणाबरोबर आणि कोणाची नजर कोणावर, हे आधीच ठरावे. किनाऱ्यावर पोचताच प्रथम तेथील जाणत्या माणसाला विचारावे. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल-पिवळ्या निशाणांमधील जागा जीवरक्षकांच्या नजरेखाली असते, आणि नुसते लाल निशाण असेल तेथे पाण्यात जायचे नसते. जेथे जीवरक्षक नाही, तेथे गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये आणि तेथेही मोठ्या माणसाची सोबत असावी.

काहींना वाटेल, इतके नियम पाळले तर सहलीची मौज ती काय राहिली? परंतु नियमांनी मौज उणावत नाही. ज्याला भरतीची वेळ ठाऊक आहे, तो ओहोटीच्या उघड्या वाळूवर निश्चिंतपणे हिंडतो. खेकड्यांनी रचलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी पाहतो. खडकांतल्या डबक्यांत साचलेले लहानसे जग न्याहाळतो. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला केवळ पाणी दिसते. मौज ज्ञानी माणसालाच अधिक लाभते, हे समुद्राच्या बाबतीत तर खचित खरे आहे.

समुद्र कोणाचा मित्र नाही आणि कोणाचा वैरीही नाही. तो आपल्या नियमाने वागतो. माणसाने ते नियम शिकून वागावे. जो मुलगा ओहोटीला किल्ल्यावर जातो आणि भरतीच्या आधी सोबत्यांना घेऊन परत फिरतो, त्याच्या धैर्याची वार्ता कोणत्याही वृत्तपत्रात छापून येत नाही. परंतु त्या रात्री सर्व मुले आपापल्या घरी जेवायला बसलेली असतात. त्याच्या शहाणपणाला याहून मोठे पारितोषिक नको.